तेलकट मूठ

भंडाऱ्याच्या त्या व्यायामशाळेत माझी ओळख एकाच गोष्टीवरून होती. माझ्या हातून लोखंड सुटायचं. पाठ मजबूत, मांड्या मजबूत, छाती बरी. धानाचे भारे डोक्यावर वाहून मान तर गोऱ्ह्यासारखी झालेली. पण जमिनीवरून उचललेला दांडा गुडघ्याच्या वर आला की बोटं एकेक करून उघडायची. आधी करंगळी, मग तिच्या शेजारचं, आणि मग धाडकन सगळं खाली. पत्र्याची शेड हादरायची आणि पोरं माझ्या निसरड्या हातांवरून ओरडायची, "आलं बे लोणी!" मला राग यायचा. मला तसा राग लवकर येतो, आजही येतो; घरचे लोक माझ्याशी काही बोलायचं असलं की आधी माझं जेवण झालंय का ते बघून घेतात.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मी कॉलेजात होतो, भंडाऱ्यातच एक खोली घेऊन राहत होतो आणि दर शनिवारी दुपारच्या एसटीनं गावी जात होतो. गाव तासाभराच्या वाटेवर. फाट्यावर उतरायचं आणि तलावाच्या पाळीवरून चालत घरी. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीनं परत. बाकी पाच दिवस कॉलेजात काय शिकलो ते विचारू नका, कारण संध्याकाळचे पाच कधी वाजतात याकडेच माझं लक्ष असायचं.

व्यायामशाळा म्हणजे भांडी घडवणाऱ्यांच्या घरांमागची एक शेड. समोर दिवसभर पितळेवर हातोडे चालायचे, आणि आमची कसरत सुरू व्हायची तेव्हा ते आवाज हळूहळू थांबत जायचे. तिथे कंपनीचं म्हणावं असं काहीच नव्हतं. दांडा होता तो कुठल्याशा मोडलेल्या बंडीचा, म्हणजे बैलगाडीचा, लोखंडी आस. त्याच्या दोन टोकांना भाताच्या गिरणीतून आलेली पट्ट्याची चाकं अडकवलेली. आस इतका जाड, की मुठीत धरला तर अंगठा आणि बोटं एकमेकांना भेटत नसत. त्याला काही खरखरीतपणाही राहिला नव्हता. कित्येक वर्षांच्या घामानं तो गुळगुळीत झाला होता. तरी बाकीची पोरं तो उचलून तीन आकडे मोजेपर्यंत धरायची. मी एकही धरू शकत नव्हतो.

वस्ताद पन्नाशीचे, अंगानं काटकुळे, छातीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात असे. दिवसभर डाव्या हातात सांडशीनं पितळेचा पत्रा धरायचा आणि उजव्या हातानं ठोकत राहायचं, हा त्यांचा धंदा. ते सहसा कुणाशी हात मिळवत नसत. मिळवलाच तर समोरचा माणूस नंतर आपली बोटं जागेवर आहेत का ते बघायचा. त्यांनी माझी फजिती महिनाभर मुकाट्यानं पाहिली आणि एक दिवस मला बाजूला घेतलं.

"अबे, तू दांडा तळहातात घेऊन राहिला. तळहातात घेतला का तो घसरतेच. बोटाच्या बुडाशी घे. अन् मूठ करंगळीपासून बंद कर. लोक अंगठ्यापासून करतेत, म्हणून त्यायची करंगळी झोपलेली राहते. अंगठा शेवटी, बोटाच्या वरतून."

मग त्यांनी मला कामं लावली. एका फुटक्या गुंडात, म्हणजे पितळी घागरीत, वाळू भरून दिली. त्याला कडी नव्हती, फक्त गोल काठ. पाचही बोटांच्या टोकांनी तो काठ पकडून गुंड उचलायचा आणि शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा. ओलं पोतं पिळायचं, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं, थेंब पडेनासा होईपर्यंत. आणि शेवटी मागच्या कडुनिंबाच्या फांदीला नुसतं लोंबकळायचं. "वर चढू नको, झोके घेऊ नको. फक्त राह्य," ते सांगायचे. मी राहायचो. खांदे निघून येतील असं वाटायचं, खालून कुणीतरी चेष्टा करत असायचं आणि मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत लोंबकळत असायचो.

शुक्रवारपर्यंत फरक पडायचा. बोटांच्या बुडाशी पिवळट, टणक घट्टे धरायचे. आस गुडघ्याच्या वर यायचा, एक आकडा निघायचा, कधी दीड. वस्ताद मान हलवायचे. आणि सोमवारी संध्याकाळी पुन्हा तोच धाडकन आवाज. चार-पाच आठवडे हेच. शुक्रवारी पहिलवान, सोमवारी लोणी. मी खोलीत जाऊन रागानं भिंतीवर बुक्क्या मारल्या, त्यानं तर मूठ आणखीच दुखायला लागली.

एका सोमवारी माझ्या हातून आस पडला तेव्हा वस्ताद वाकले आणि मी धरलेल्या जागेवर त्यांनी बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं.

"टोळीचं तेल हाये हे," ते म्हणाले. "अबे, तुह्या हाताले तेल कोन लावते बे?"

सगळी पोरं थांबून बघायला लागली. माझे कान तापले, कारण मला उत्तर ठाऊक होतं आणि ते व्यायामशाळेत सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या हाताला तेल माझे वडील लावायचे.

मोहाच्या बियांना आमच्याकडे टोळ म्हणतात. तिचं तेल दिव्याला चालतं, खायला चालतं, आणि चिखलात दिवस-दिवस उभं राहून फुटलेल्या हातापायांना तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. थंडीत ते तुपासारखं गोठतं. वडील वाटी चुलीच्या कडेला ठेवायचे, तेल पातळ झालं की ओसरीवर येऊन बसायचे, आणि म्हणायचे, "दाखव." एवढंच. मी हात पुढे करायचो. ते माझा तळहात आपल्या मांडीवर उताणा ठेवायचे, वजरीनं घट्टे घासायचे, मग अंगठ्यानं तेल जिरवायचे. एकेका बोटाच्या बुडाशी, एकेका रेषेत. अर्धा-अर्धा तास. त्यांचा स्वतःचा हात मातीच्या ढेकळासारखा, भेगांनी भरलेला. पण दाबायचे असे, की माझे डोळे मिटायला लागायचे.

यामागे एक गोष्ट होती, ती मला आईनं सांगितली होती. वडील एकदा शेतीच्या कागदासाठी कुठल्याशा कचेरीत गेले. त्यांना सही येत नव्हती. कारकुनानं शाईत अंगठा बुडवून कागदावर दाबला, तर नुसता काळा डाग उमटला. रेघा नाहीत. पुन्हा दाबला, पुन्हा डाग. रोवण्याच्या चिखलानं आणि पेंढ्या आवळण्यानं अंगठ्यावरच्या रेघा पुसल्या होत्या. चौथ्यांदा कारकून मोठ्यानं म्हणाला, "अरे, याले तं अंगठाच नाही!" आणि रांगेतले सगळे हसले. वडील तेव्हा चाळिशीचेही नव्हते. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, पोराचा हात असा होऊ देणार नाही. मी पुढे त्यांना समजावून बघितलं, की बाबा, मी सही करतो, मला अंगठा लागत नाही. ते म्हणाले, "सही बी हातानंच करतेत ना?"

मला हे खरं तर कबूल करायला हवं, की तो अर्धा तास मला आवडायचा. फार आवडायचा. आमच्याकडे बाप पोराच्या अंगाला सहज हात लावत नाही. लहानपणी कधी कडेवर घेतलं असेल तेवढंच. पोराला मिसरूड फुटलं की बापाचा स्पर्श म्हणजे फार तर पाठीवर एक धपाटा. कॉलेजात जाणाऱ्या, उंचीनं बापाच्या वर गेलेल्या पोराचा हात मांडीवर घेऊन बसणारा बाप मी दुसरा पाहिला नाही. एसटीत बसलो की मला त्या ओसरीचीच ओढ लागलेली असायची. पण हे मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेलो असतो.

वस्तादांनी मला पोरांपासून दूर नेलं. "घट्टा म्हणजे हाताचं कवच. उंच वाढला तर फाटते, म्हणून वरतून जरासा घासाचा. पण मऊ करायचा नाही. तू पाच दिवस कमावते अन् दोन दिवसांत कोणीतरी धुऊन काढते." मग म्हणाले, "जवाहरनगरले महिन्याभरात स्पर्धा हाये. आपल्या शाळेतून आजवर कोणी गेलं नाही. तुही पाठ पाहून मले वाटते तू जावं. एक महिना हाताले तेलाचा थेंब लागू देऊ नको. जमन?"

मी म्हणालो, जमेल.

त्या शनिवारी एसटी उशिरा आली, उभ्यानं प्रवास झाला, आणि पाळीवरून चालताना मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होतो. चांगलं वाक्य जुळवलंही होतं. दिवेलागणीला वडील वाटी घेऊन ओसरीवर आले आणि म्हणाले, "दाखव."

मी हात मागे घेतला. मग खाली बघत वडिलांनी विचारलं, "तू भंडाऱ्याले कोण्या राइस मिलमदी बोजे उचलते का?"

"काहून?"

"हे घट्टे बोजे उचलणाऱ्याचे हायेत. मले समजते. धाडलेले तांदूळ पुरत नसतीन तं सांगत जा. लपवू नको."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझी तांदळाची पिशवी दर सोमवारी जड का होत चालली होती. मी हसलो. मी त्यांना खरं सांगितलं, की व्यायामशाळा आहे, लोखंड उचलतो.

"लोखंड? कायले?"

"उचलाले."

"उचलून कुठी नेते?"

"कुठीच नाही. उचलायचं, धरायचं, न् खाली ठेवायचं."

"तेथंच?"

"तेथंच."

त्यांनी यावर खरोखर विचार केला. थट्टा करत नव्हते ते. आयुष्यभर त्यांनी उचललेली प्रत्येक गोष्ट कुठून तरी कुठे तरी नेली होती. शेवटी म्हणाले, "बरं. पण हात तं दाखव," आणि त्यांनी माझं बोट धरून हात ओढला.

इथे मला राग आला. थकवा होता, वस्तादांना दिलेला शब्द होता, पोरांचं ते 'लोणी' कानात होतं. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी हात हिसकावून घेतला आणि ओरडलो, "तुमच्यामुळं माही मूठ सुटून राहिली! तुमी माह्या हाताले हात नोका लावू आता!"

वडिलांनी आपली तेलाची बोटं धोतराला पुसली. "बरं," म्हणाले. वाटी उचलून गोठ्यात गेले. पाठोपाठ मी डोकावलो, तर ते बैलाच्या खांद्याला, जुवानं सोललेल्या जागी, ते कोमट तेल लावत होते. आई चुलीजवळून म्हणाली, "काहून असं बोलला रे?" मी तिलाही काहीतरी फटकन बोललो आणि न जेवता पडून राहिलो.

पुढचे चार शनिवार ते ओसरीवर आले, बसले, कॉलेजचं विचारलं, तलावाच्या पाण्याचं सांगितलं. 'दाखव' म्हणाले नाहीत. मी माझ्या हाताकडे बघत बसायचो आणि घट्टे दाबून बघायचो. ते छान टणक होत होते. मला आनंद व्हायचा आणि लगेच कशाचा तरी रागही यायचा; कशाचा ते तेव्हा कळत नव्हतं. वाटायचं, त्यांनी एकदा तरी विचारावं. विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो, पण विचारावं.

आणि मूठ जमली. तिसऱ्या आठवड्यात आस तीन आकडे राहिला. चौथ्यात पाच. वस्तादांनी माझ्याशी हात मिळवला. मी बोटं मोजली नाहीत.

स्पर्धा हिवाळ्यातल्या एका रविवारी, जवाहरनगरच्या वसाहतीतल्या मैदानावर होती. खरा, कंपनीचा दांडा मी तिथे पहिल्यांदा पाहिला: बारीक, खरखरीत, हातात बसणारा. बंडीच्या आसावर महिनोन्‌महिने झटलेल्या माझ्या हाताला तो काठीसारखा वाटला. खडूची पूड तळहातांवर चोळली. करंगळीपासून मूठ बंद केली, अंगठा वरून टाकला. उचलला, सरळ उभा राहिलो आणि वाट बघत राहिलो. पंचांनी हात खाली करेपर्यंत तो माझ्या हातात होता. मला चौथा नंबर मिळाला, पण त्याचं मला काहीच नव्हतं. सुटला नाही, एवढंच मला पाहिजे होतं.

मागे वळलो तर मैदानाच्या दोरीपलीकडे वडील उभे. मी आईजवळ स्पर्धेचं बोललो होतो. ते येतील असं मनातही नव्हतं. स्वच्छ धोतर, टोपी, दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. मी धावतच गेलो. दोन्ही तळहात, खडूनं पांढरे, त्यांच्यापुढे केले. लहान मूल करतं तसे. मला वाटलं, आता ते धरतील. त्या क्षणी मला दुसरं काही नको होतं, चौथा काय, पहिला नंबरही नको होता.

त्यांनी बराच वेळ हातांकडे पाहिलं. त्यांचे हात पाठीमागेच राहिले.

"सुटलं नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद होता, खोटा नव्हता. मग म्हणाले, "गाडी चुकन," आणि वळून चालायला लागले. चालतानाही त्यांनी हात तसेच बांधून ठेवले होते.

पुढे कॉलेज संपलं. साकोलीला एका कचेरीत मला नोकरी लागली, लग्न झालं. लोखंड सुटलं, आणि कुणी तेल न लावताच माझे घट्टे आपोआप गेले. फायली आणि कार्बनचे कागद हाताळणाऱ्या माणसाला कवच कशाला लागतं? हात अगदी वडिलांना हवा होता तसा झाला. सहा-सात वर्षं अशी गेली.

एका भाद्रपदात मी गावी गेलो होतो. धान पोटरीत आलेलं. वडील साठीचे, गुडघ्यानं बेजार, पण बांधी, म्हणजे धानाचं शेत, दाखवायला मला घेऊन निघाले. दोन बांध्यांच्या मधल्या धुऱ्याला, म्हणजे मातीच्या बांधाला, पाणी काढायला तोंड फोडलेलं होतं आणि तिथून गढूळ पाणी वाहत होतं. मी उडी मारून पलीकडे गेलो आणि वळून त्यांच्यासाठी हात पुढे केला. तळहात वर करून.

ते काठावर थांबले. माझ्या तळहाताकडे त्यांनी पाहिलं. मग आपला हात लांब केला, तो माझ्या तळहातावरून, त्याला न लागू देता, पुढे नेला आणि माझं मनगट धरलं. घट्ट. कसली मूठ होती ती! असली मूठ मी कसरत शिकलेल्या कुठल्याच माणसाची पाहिली नाही. तेवढ्याच आधारानं ते पाणी ओलांडून आले, नीट उभे राहिले, मनगट सोडलं आणि धानाकडे बोट करून यंदाच्या रोगाचं सांगायला लागले.

मी ऐकत होतो, पण मला धड दिसत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की बंदी उठली आहे. आणि सांगायचं कुणी, मीच ना? 'बाबा, हात धरा, आता काही होत नाही,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "सांभाळून चला, चिखल हाये."

त्यानंतर ते आणखी चार पावसाळे होते, म्हणजे मला वेळ भरपूर होता. साकोलीहून मी महिन्या-दोन महिन्यांनी जात होतो, ओसरीवर त्यांच्या शेजारी बसत होतो, आणि त्यांचे हात त्यांच्या मांडीवर व माझे माझ्या मांडीवर असायचे.